जँगो नऊ वर्षं वापरल्यानंतरचा रिव्ह्यू: सोडायचं की राहायचं

दूध संस्थांचं सॉफ्टवेअर करतो आम्ही. मी, माझा नवरा आणि गेल्या वर्षीपासून एक नवीन मुलगा, एवढीच टीम, सांगली जिल्ह्यात. संकलन, फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि चरबी सोडून बाकीचे घन पदार्थ), दरपत्रक, दहा दिवसाचं बिल, पेंडीची कपात, उचल, दिवाळीचा दर फरक असं सगळं त्यात येतं. ते सगळं जँगोवर, म्हणजे वेबवरचं सॉफ्टवेअर बांधायच्या तयार सांगाड्यावर (वेब फ्रेमवर्क) उभं आहे. २०१७ ला सुरू केलं तेव्हा त्याची १.११ आवृत्ती होती, आज आम्ही ५.२ वर आहोत, आणि मधले चार महिने हे सोडून नेक्स्ट जेएसवर (जावास्क्रिप्ट भाषेतलं फ्रेमवर्क) जायचं का यावर आमच्यात इतकी चर्चा झाली की शेवटी म्हटलं हे सगळं एकदा नीट लिहून ठेवू, अजून कुणी याच विचारात असेल तर त्याला उपयोग होईल.

प्रश्न निघाला कशावरून तर तीन गोष्टी एकदम आल्या. एक म्हणजे आम्ही जँगोच्या ४.२ आवृत्तीवर होतो आणि तिचा सपोर्ट एप्रिल २०२६ ला संपणार होता, म्हणजे काहीतरी करणं भागच होतं. दुसरं, नवीन मुलगा पुण्यातून कोर्स करून आलेला, त्याला रिॲक्ट येतं (ब्राउझरमधल्या स्क्रीन बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, नेक्स्ट तिच्यावरच उभं आहे), टाइपस्क्रिप्ट येतं (माहितीचे प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट), जँगोचे टेम्प्लेट, म्हणजे पानांचे साचे, बघून तो पहिल्या आठवड्यात म्हणाला, मॅडम हे असं कोण लिहितं आता. त्याचं चूक नव्हतं, आमचे काही टेम्प्लेट खरंच २०१८ सालचे आहेत. आणि तिसरं म्हणजे एका संस्थेच्या सचिवांनी, सगळे त्यांना आबा म्हणतात, कुठंतरी दुसरं सॉफ्टवेअर बघितलं आणि फोन केला, "ताई, त्यांचं कसं पटापटा पान बदलतंय बघा, आपलं बिलाचं पान उघडंस्तोवर चहा पिऊन होतोय." हे ऐकल्यावर झोप लागत नाही. आपल्या कामाबद्दल असं ऐकणं सोपं नसतं.

आता जँगोबद्दल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं वेब फ्रेमवर्क आहे, नावातला पहिला डी उच्चारत नाहीत, जँगो राइनहार्ट नावाच्या गिटारवादकावरून नाव ठेवलंय. अमेरिकेत कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे, तिथल्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात २००३ मध्ये एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी ते लिहायला घेतलं आणि जुलै २००५ मध्ये सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. हा इतिहास मी उगाच सांगत नाहीये. वर्तमानपत्रात रोजच्या रोज माहिती भरणारी माणसं प्रोग्रामर नसतात, आणि काम आजच्या आज पाहिजे असतं. त्यामुळे टेबल सांगितलं की माहिती भरायची स्क्रीन आपोआप तयार होते, तो ॲडमिन भाग त्यांनी पहिल्यापासून आत दिला. दूध संस्थेचं काम अगदी तसंच असतं हो. सकाळ-संध्याकाळ संकलन, रोज नवीन सभासद, रोज कुणाचा तरी बँक खाते नंबर चुकलेला, आणि भरणारा माणूस सचिव नाहीतर त्याचा मदतनीस.

आमचा पहिला डेमो आम्ही नऊ दिवसांत दाखवला होता आणि त्यातलं निम्मं ॲडमिनच होतं. उत्पादकांची यादी, कोड नंबरने शोध, गावानुसार फिल्टर, कुणी काय बदललं त्याची नोंद, हे सगळं फुकट मिळालं. पण इथे एक चूक आम्ही केली ती सांगते, कारण नवीन लोक हमखास करतात. ते ॲडमिनच आम्ही संस्थेला वापरायला दिलं. ॲडमिन हे ऑफिसातल्या विश्वासू माणसासाठी आहे, गिऱ्हाइकाच्या रोजच्या कामासाठी नाही, त्याला आपल्या पद्धतीने वळवायला गेलं की प्रत्येक वळणाला झगडावं लागतं. दीड वर्षाने आम्ही संस्थेसाठी वेगळ्या स्क्रीन लिहिल्या आणि ॲडमिन स्वतःकडे ठेवलं. आजही रात्री कुणाचा फोन आला की मी ॲडमिनमध्येच शिरते, दोन मिनिटांत दुरुस्ती होते.

पैशाच्या हिशेबाबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे कारण आमच्या धंद्यात तोच जीव आहे. कॉम्प्युटरला साधं ०.१ अधिक ०.२ विचारलं तर उत्तर नेमकं ०.३ येत नाही, शेपटीला ४ लागतो. जावास्क्रिप्टमध्ये असं होतं, आणि पायथनच्या साध्या फ्लोटमध्येसुद्धा (दशांश आकड्यांचा नेहमीचा प्रकार) होतं, त्यात फरक नाही. फरक हा की पायथनच्या घरातच दशांश आकडा अचूक ठेवणारा डेसिमल नावाचा प्रकार आहे, जँगोमध्ये त्याचं फील्ड आहे, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ते न्यूमेरिक म्हणून बसतं, म्हणजे डेटाबेसपासून पावतीपर्यंत आकडा कुठेच घसरत नाही. एका उत्पादकाचं दिवसाला दोन वेळचं दूध, दहा दिवसाची वीस वजनं, प्रत्येकाला फॅट वेगळं, एसएनएफ वेगळं, म्हणून दर वेगळा, आणि एका संस्थेत चारशेच्या वर उत्पादक. प्रत्येक ओळीत पैशाचा फरक पडला तर बेरीज जुळत नाही, आणि बेरीज जुळली नाही तर ऑडिटला सचिव उभा राहतो, आपण नाही. नऊ वर्षांत या बाबतीत आम्हाला एकदाही खाली मान घालावी लागली नाही. लाखाचा स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, म्हणजे तीन मग दोन-दोन असा पाडायची सोय पण जँगोत सेटिंगमध्येच आहे, १.११ पासून. छोटी गोष्ट आहे पण १२३,४५६ असं छापलेलं बिल गावात कुणी वाचत नाही.

आता व्हर्जन बदलायची गोष्ट, कारण राहायचं की जायचं याचा खरा निकाल माझ्या मते इथे लागतो. जँगोचं वेळापत्रक ठरलेलं आहे, साधारण दर आठ महिन्यांनी नवीन आवृत्ती, आणि दर दोन वर्षांनी एक एलटीएस, म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती, तिला तीन वर्षं सिक्युरिटी दुरुस्त्या मिळतात. आम्ही फक्त एलटीएसवरून एलटीएसवर उड्या मारल्या, १.११, २.२, ३.२, ४.२ आणि आता ५.२. पहिल्या उडीला प्रत्येक फॉरेन कीला (एका टेबलातून दुसऱ्याकडे जाणारा दुवा) ऑन-डिलीट, म्हणजे मूळ नोंद उडाली तर काय करायचं ते, लिहावं लागलं, चार तास गेले, पण त्या निमित्ताने लक्षात आलं की संस्था डिलीट केली तर तिची बिलं पण उडतील अशी व्यवस्था होती, ती लगेच बदलली. ३.२ ची उडी तर जवळजवळ काहीच नाही. ४.२ ला मात्र त्रास झाला. चार पॉइंट झीरोपासून जँगो फॉर्म सबमिट होताना ओरिजिन हेडर (फॉर्म कुठल्या पत्त्यावरून आला ते) तपासतं, आणि आमचा सर्व्हर एनजिनएक्सच्या मागे (बाहेरची विनंती आधी घेणारा वेब सर्व्हर), जँगोला आपण एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर, आहोत हे कळतच नव्हतं. रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. रात्री अकराला चढवलं, स्वतःच्या लॅपटॉपवर लॉगिन झालं, झोपलो, आणि सकाळी पावणेसहाला फोन, "ताई, मशीन चालंना झालंय, दारात लाइन लागलीया." ४०३, म्हणजे परवानगी नाही असा संदेश, येत होता सगळीकडे. संकलनाला दूध थांबत नाही, लोक कॅन घेऊन उभे असतात, त्या दिवशी सहा संस्थांनी पावत्या हाताने लिहिल्या आणि संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून भरल्या. दुरुस्ती दोन ओळींची होती.

तेव्हापासून नियम केलाय की चढवायचं ते दुपारी, दोन संकलनांच्या मधे, आणि बिलाच्या तारखेला म्हणजे १०, २० आणि महिनाअखेर या दिवसांना हात लावायचा नाही.

५.२ ची उडी फेब्रुवारीत मारली. लॉगआउट साध्या लिंकने होत नाही आता, पोस्टच (फॉर्मचं बटण दाबल्यावर जाणारी विनंती) लागतं, ते ५.० पासून पक्कं केलं, त्यामुळे सगळीकडे बटण करावं लागलं. टाइमझोनचं जुनं पायटीझेड काढून झोनइन्फो घेतलं. आणि एक भेट मिळाली, ५.१ मध्ये आलेलं लॉगिन-रिक्वायर्ड मिडलवेअर (प्रत्येक विनंती आधी तपासणारा थर), म्हणजे आधी प्रत्येक व्ह्यूवर (एका पानामागचा कोड) आठवणीने कुलूप लावायला लागायचं, आता सगळं आधीच बंद आणि जे उघडं ठेवायचंय तेवढंच सांगायचं. तीन दिवस लागले एकूण, टेस्टसकट. तीन दिवस! सपोर्ट मिळणार एप्रिल २०२८ पर्यंत. या आकड्यावर मी पुढे परत येते.

आता खोटं बोलायचं नाही, तक्रारी पण भरपूर आहेत.

सगळ्यात जास्त राग मला टेम्प्लेटचा येतो. त्यात व्हेरिएबलचं नाव चुकलं तर जँगो ओरडत नाही, गुपचूप रिकामी जागा छापतं. एकदा आम्ही कपातीच्या कॉलमचं नाव बदललं आणि एका टेम्प्लेटमध्ये बदलायचं राहिलं, बिलं छापली गेली, एकूण रक्कम बरोबर पण पेंडीची कपात कोरी. लोकांना वाटलं कपात न सांगता केली. पुढचे दोन दिवस नवरा गावोगाव फिरून समजावत होता. चूक आमची, पण फ्रेमवर्कने इथे जोरात ओरडायला पाहिजे असं मला आजही वाटतं. टेस्ट करताना रिकाम्या जागी एखादा ठळक शब्द छापायची सेटिंग आहे, ती आम्ही आता टेस्टमध्ये लावतो आणि बिलाच्या पानात तो शब्द सापडला की टेस्ट नापास.

दुसरं, मागच्या मागे चालणारी कामं. चारशे बिलांची पीडीएफ, एसएमएस, बँकेची फाइल, यासाठी सेलरी (मागची कामं चालवणारं) आणि रेडिस (त्यांची रांग ठेवणारं) उभं करावं लागतं, ते तीन माणसांच्या टीमला जड जातं, आणि ते बंद पडलं तर लवकर कळत पण नाही. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या ६.० मध्ये टास्कची व्यवस्था आत घेतलीय, पण प्रत्यक्ष काम करणारा वर्कर त्यात दिलेला नाही, तो आपणच बघायचा. असिंक्रोनसचं (उत्तराची वाट बघत न थांबता दुसरं काम करणं) पण अर्धवट आहे, व्ह्यू असिंक लिहिता येतात, ओआरएमच्या (पायथनमधून डेटाबेसशी बोलणारा भाग) असिंक पद्धती आहेत, पण ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र नोंदवायचे नाहीतर एकही नाही) अजून त्यात चालत नाहीत, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ट्रान्झॅक्शन नाही म्हणजे काही उपयोग नाही. फ्रंटएंडच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या, बाजूला तर जँगो काही देतच नाही, फॉर्म छापून देतं तेवढंच. आणि माणसं. सांगली-कोल्हापुरात जँगो येणारा माणूस शोधून बघा, सहा महिन्यांत एक अर्ज येतो. रिॲक्टवाले मात्र रोज मेल करतात.

म्हणून नोव्हेंबरमध्ये ठरवलं की नुसती चर्चा नको, नेक्स्टवर एक स्क्रीन खरी करून बघू. संकलनाचीच घेतली, सगळ्यात अवघड. मुलाला तीन आठवडे दिले, मी पण रोज दोन तास बसले.

जे चांगलं वाटलं ते आधी. स्क्रीन खरोखर सुंदर झाली, वजन टाकलं की फॅट, फॅट टाकलं की दर, काही न हलता पान बदलतं. टाइपस्क्रिप्टने तर माझं मन जिंकलं, फील्डचं नाव चुकलं की लिहितानाच लाल रेघ, वर जी कपातीची गोष्ट सांगितली ती इथे झालीच नसती. ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडे एकच भाषा, मुलाचा वेग माझ्या दुप्पट. आकडे मराठीत दाखवायचे तर जावास्क्रिप्टमध्ये ते अगदी सहज होतं, लाखाच्या स्वल्पविरामासकट, इथे जँगोपेक्षा सरस आहे.

मग अडायला लागलं. डेटाबेसशी बोलायला प्रिझ्मा हे साधन घेतलं, ते पैशासाठी डेसिमल देतं, पण सर्व्हरवरून तो आकडा ब्राउझरच्या कंपोनंटला (स्क्रीनच्या तुकड्याला) द्यायला गेलं की चालत नाही, साधा ऑब्जेक्ट पाहिजे म्हणतो, मग स्ट्रिंग (मजकूर) करा, पलीकडे परत डेसिमल करा, आणि हे एका ठिकाणी विसरलं की तिथे साधा नंबर होऊन बसतो. मुलाने एके ठिकाणी तसं केलंही होतं, बेरीज बरोबर दिसत होती, मी वीस उत्पादकांची जुनी बिलं टाकून ताळा केला तेव्हा एकात एक पैसा फिरला. एक पैसा म्हणजे काहीच नाही असं त्याला वाटलं, मी त्याला ऑडिटची फाइल दाखवली. हुशार आहे, लगेच समजला.

आणि बाकी सगळं. लॉगिन, परवानग्या, फॉर्मची तपासणी, ॲडमिन, यातलं प्रत्येक वेगळ्या ठिकाणाहून आणायचं. प्रत्येक चांगलं आहे, पण प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं, मोठा बदल कधी येईल ते वेगळं. जँगोत हे सगळं एका छताखाली एका तारखेला बदलतं. नेक्स्टचा स्वतःचा इतिहास पण बघितला मी. पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०१६ ची. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेराव्या आवृत्तीत ॲप राउटर म्हणून पानांची रचनाच नवी आणली, मे २०२३ मध्ये ती स्थिर म्हणून जाहीर केली, मग ऑक्टोबर २०२४ ला पंधराव्या आवृत्तीत आधी आपोआप कॅश होणारं (साठवून पुन्हा वापरलं जाणारं) फेच, म्हणजे बाहेरून माहिती आणणं, आता कॅश होत नाही असं उलटं केलं, आणि पानाला मिळणारे पॅरामीटर असिंक झाले. प्रत्येक बदलाला कारण होतं, वाचलं की पटतं, जुना पेजेस राउटर अजून चालतो हेही खरं. ज्यांच्याकडे आठ-दहा माणसं आहेत त्यांनी जरूर करावं. आमच्याकडे तीन आहेत आणि त्यातला एक दिवसभर फील्डवर.

ट्रायल चालू असतानाच ३ डिसेंबर २०२५ ला रिॲक्ट सर्व्हर कंपोनंटमधलं (रिॲक्टचा सर्व्हरवर चालणारा भाग) एक मोठं भगदाड जाहीर झालं, दहापैकी दहा गंभीरतेचं, बाहेरून कुणीही सर्व्हरवर आपला कोड चालवू शकेल असं, आणि नेक्स्टची ॲप राउटरवाली पानं त्यात येत होती. आम्ही टेस्ट सर्व्हर त्याच रात्री बंद केला, पॅच आलेला होता तो लावून मग परत उघडला. त्याआधी मार्च २०२५ मध्ये मिडलवेअर चुकवून आत शिरता येईल अशी दुसरी चूक निघाली होती. पण इथे एकतर्फी बोलणं बरोबर नाही. जँगोमध्येही नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्याच आठवड्यात एसक्यूएल इंजेक्शनची (बाहेरून डेटाबेसला आपला हुकूम घुसवणं) गंभीर दुरुस्ती आली होती. भोकं सगळ्यांना पडतात. मला जे महत्त्वाचं वाटलं ते असं की त्या दिवशी आम्ही जुन्या ४.२ वर होतो, तरी ४.२ साठी वेगळी दुरुस्ती आली, रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (लागणाऱ्या पॅकेजांची यादी) एक आकडा बदलला, दुपारी दोनला चढवलं, संध्याकाळचं संकलन वेळेवर. अडीच वर्षं जुनी आवृत्ती वापरणाऱ्यालाही ते वाऱ्यावर सोडत नाहीत.

आणि आता आबांचा चहा. बिलाचं पान हळू का, हे आम्ही या सगळ्या गडबडीत शोधलंच नव्हतं, धरूनच चाललो होतो की जँगो जुनं झालं. ट्रायलच्या तिसऱ्या आठवड्यात मी डिबग टूलबार (पानामागे काय चालतं ते दाखवणारं साधन) लावून ते पान उघडलं तर एका पानाला बाराशेच्या वर क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न! प्रत्येक उत्पादकासाठी वेगळी संकलनाची क्वेरी, वेगळी कपातीची, वेगळी उचलीची. २०१८ मध्ये साठ उत्पादकांची संस्था होती तेव्हा लिहिलेला कोड, तेव्हा काही जाणवत नव्हतं. प्रीफेच (सगळ्यांची माहिती एकदम आणणं) लावलं, बेरजा डेटाबेसकडूनच करून घेतल्या, संस्था आणि तारखेवर एक इंडेक्स (शोधाची सूची) टाकला. नऊ क्वेरी राहिल्या. पान डोळ्यासमोर उघडतं. अर्धा दिवस लागला. हाच कोड आम्ही जसाच्या तसा नेक्स्टमध्ये नेला असता तर तिथेही बाराशे क्वेरीच झाल्या असत्या, फक्त आठ महिने उशिरा कळलं असतं.

आठ महिने हा आकडा आम्ही कागदावर काढला होता. शेहेचाळीस मॉडेल (टेबलांची मांडणी), दीडशेच्या आसपास मायग्रेशन (त्या मांडणीतले बदल), सगळे रिपोर्ट, संस्थेसंस्थेचे वेगवेगळे दरपत्रक. शिवाय काउंटरवर जो कॉम्प्युटर असतो त्यात फॅट मशीनची सिरीयल पोर्टची वायर येते, ती वाचणारी छोटी स्क्रिप्ट पायथनमध्येच आहे, नेट गेलं तर ती तिथेच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठवून ठेवते आणि आलं की पाठवते. सर्व्हर आणि काउंटर दोन्हीकडे दर काढायचं एकच मॉड्यूल चालतं, म्हणून नेट नसताना छापलेली पावती आणि नंतरचं बिल कधी वेगळं निघत नाही. नेक्स्टवर गेलो असतो तर हे दर काढणं दोन भाषांत दोनदा लिहावं लागलं असतं. एका बाजूला हे आठ महिने, दुसऱ्या बाजूला वर सांगितलेले तीन दिवस. आणि आठ महिन्यांत गिऱ्हाइकाला नवीन काय मिळणार तर तेच, जे आज आहे.

माझ्या मनात अजून एक जुनी गोष्ट होती. लग्नाआधी पुण्यात नोकरी करत होते तेव्हा आमचं सगळं प्रॉडक्ट अँगुलर जेएस या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कवर होतं. २०१४ मध्ये जाहीर झालं की दुसरी आवृत्ती पूर्ण वेगळी असणार, सप्टेंबर २०१६ ला ती आली, आणि जुन्याचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. मधली दोन वर्षं टीम अर्धी जुन्यावर, अर्धी नव्यावर, एकच बग दोनदा दुरुस्त करायचा, आणि बरोबरची मुलं एक-एक करून सोडून जात होती. ती दोन वर्षं मी विसरलेली नाही, आणि तेव्हापासून मी फ्रेमवर्कचे फीचर नंतर बघते, आधी त्यांनी जुन्या लोकांना कसं वागवलं ते बघते.

बाकी पर्याय पटकन. फास्टएपीआय छान आहे, वेगवान आहे, पण ते एपीआयसाठी (एका प्रोग्रामने दुसऱ्याला माहिती द्यायची वाट), ॲडमिन आणि टेम्प्लेट आपणच उभं करायचं, आणि आमच्या कामाला ते उलट जास्त काम. लारावेलबद्दल (पीएचपी भाषेतलं फ्रेमवर्क) मात्र मनापासून सांगते, आज नव्याने सुरुवात करत असते तर जँगोच्या बरोबरीने त्याचाही विचार केला असता. आत सगळं भरलेलं आहे, मागची कामं चालवणारी क्यू (कामांची रांग) आतच नीट आहे, आणि आपल्याकडे तालुक्याच्या गावात पण पीएचपीचा माणूस मिळतो. फक्त तिथे एका आवृत्तीला सिक्युरिटीचा आधार दोन वर्षं, जँगोच्या एलटीएसला तीन. आमच्यासारख्यांना ते एक वर्ष फार मोठं असतं.

तर राहिलो. पण आहे तसेच नाही राहिलो. मुलाने नेक्स्टमध्ये केलेली स्क्रीन आम्ही समोर ठेवली आणि तिच्यात आबांना काय आवडलं असतं ते एक-एक करून जँगोत आणलं, एचटीएमएक्स वापरून. ही एक छोटी जावास्क्रिप्ट फाइल आहे, दाबून पंधरा केबीच्या आसपास, बिल्ड-बिल्ड काही लागत नाही. सर्व्हरने एचटीएमएलचा तुकडा पाठवायचा आणि ती फाइल पानात तेवढाच भाग बदलते. दर काढणं सर्व्हरवरच राहतं, डेसिमल डेसिमलच राहतो. टेम्प्लेटचा छोटा तुकडा वेगळा नाव देऊन ठेवायची सोय जँगो ६.० ने आत घेतलीय, आधी ती वेगळ्या पॅकेजात होती, ५.२ वर आम्ही ते पॅकेज लावलंय. संकलनाची स्क्रीन पाच आठवड्यांत नवीन झाली. नेक्स्टवाली जितकी गुळगुळीत होती तितकी नाही, हे मान्य करते, नेट अगदीच हळू असेल तर एचटीएमएक्सला सर्व्हरच्या उत्तराची वाट बघावी लागते आणि ते जाणवतं. पण काउंटरवरच्या माणसाला रांग पुढे सरकायला पाहिजे असते, आणि ती सरकते.

मुलाला वाईट वाटलं का, तर थोडं वाटलं असणार, तीन आठवडे मन लावून केलं होतं त्याने. मी त्याला स्पष्ट सांगितलं की तुझ्या त्या कामामुळेच आम्हाला कळलं काय पाहिजे ते. आता तो जँगोचे टेम्प्लेट साफ करतोय आणि टाइप तपासायला मायपाय पण त्यानेच बसवलं. टाइपस्क्रिप्टइतकं चोख नाही पण पूर्वीपेक्षा खूपच बरं.

कुणी सोडावं जँगो? ज्यांचं प्रॉडक्ट मुळात ब्राउझरमध्येच जगतं, नकाशे, चित्र काढणं, एकाच वेळी चारजण एकाच कागदावर लिहितायत असं काही, त्यांनी जँगोच्या टेम्प्लेटवर अडून बसू नये, मागे जँगो ठेवलं तरी पुढे रिॲक्ट किंवा त्याच जातीचं व्ह्यू जेएस घ्यावं. ज्यांच्या सगळ्या टीमला जावास्क्रिप्टच येतं आणि पायथन कुणालाच नाही त्यांनी पण उगाच इकडे येऊ नये. बाकी ज्यांचं काम म्हणजे माहिती भरा, हिशेब करा, छापा, आणि ते दहा वर्षं चालू ठेवा असं आहे, त्यांना माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो त्या गुपचूप रिकाम्या जागेसाठी.

जे अजून ४.२ वर आहेत त्यांनी थांबू नका, तिचा सपोर्ट एप्रिल २०२६ पर्यंतचाच. आधी डेप्रिकेशन वॉर्निंग (पुढे काढून टाकणार असलेल्या गोष्टींचे इशारे) चालू करून सगळ्या टेस्ट चालवा, जे पिवळं दिसेल ते ४.२ वर असतानाच दुरुस्त करा, मग ५.२. पायथन ३.१० च्या खाली असेल तर ते आधी वर घ्या, पोस्टग्रेस १४ च्या खाली असेल तर तेही. लॉगआउटच्या लिंका शोधा. आणि अजून ३.२ वर असाल तर सरळ ५.२ वर उडी मारू नका, मधे ४.२ वर एक आठवडा थांबा, त्या ओरिजिनच्या तपासणीसाठी, आणि एनजिनएक्सचं हेडर बघा, कृपा करून, सकाळी पावणेसहाचा फोन कुणालाच नको.

आमचं पुढचं काम दर फरकाचं मॉड्यूल आहे, दिवाळीच्या आधी पाहिजे. उत्पादकाला स्वतःच्या फोनवर रोजचं दूध बघता यावं यासाठी एक वेगळं छोटं पान करायचंय, ते कदाचित मुलाला रिॲक्टमध्ये करू देईन, मागे जँगोचाच एपीआय ठेवून. आबांना मार्चमध्ये विचारलं पान कसं वाटतंय, तर म्हणाले, "आता चहा थंड हुतोय ताई." मी तो मेसेज जपून ठेवलाय.